किलोचा आकडा एकटा छापू नका

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत डबल बासच्या, म्हणजे व्हायोलिनसारख्याच पण माणसाएवढ्या उंच, खर्जातल्या वाद्याच्या तारांवर लेख आला, बघून बरं वाटलं, कारण या वाद्याबद्दल कुणी लिहीतच नाही, ऑर्केस्ट्राच्या फोटोत सुद्धा ते कडेला अर्धं कापलेलं असतं. लेख मनापासून लिहिलाय, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात जो तक्ता टाकलाय ना, कुठल्या तारेचा ताण किती किलो, आणि त्याखाली जे ठोकून दिलंय की आकडा मोठा तर तार कडक आणि आवाज मोठा, आकडा लहान तर तार मऊ आणि आवाज बारीक, ते वाचून गप्प बसवेना. डबल बासच्या तारा काही महिन्या-महिन्याला बदलत नाही कुणी, स्टीलचा एक सेट लोक वर्षानुवर्षं चालवतात आणि तो स्वस्तही नसतो, त्यामुळे असा तक्ता बघून कुणी सेट मागवला आणि हातात आल्यावर भलतंच निघालं तर तो बिचारा पुढची दोन-तीन वर्षं तेच वाजवत बसणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की किलोचा आकडा एकटा काही सांगत नाही. अमुक माणूस सत्तर किलोचा आहे एवढंच सांगितलं आणि उंची सांगितलीच नाही, तर तो बारीक की जाड हे कसं ठरवणार? तारेचंही तसंच आहे. ताण ठरतो तीन गोष्टींवर: तारेचं दर मीटरला वजन किती, मानेच्या टोकाला तार जिच्या खाचेतून जाते त्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, घोडीपर्यंत तिची वाजती लांबी किती, आणि तुम्ही ती कुठल्या सुराला लावताय. त्यातही लांबी आणि सूर यांचा परिणाम वर्गाने होतो, म्हणजे लांबी थोडीशी वाढली तरी ताण चांगलाच वाढतो. हे काही आजचं नाही, मार्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने 1636 सालीच तारांचे हे नियम छापून ठेवलेत, तरी आपण अजून पाकिटावरचा किलो बघूनच तार निवडतो.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. जुनी, मेलेली ई तार, म्हणजे चारांतली सगळ्यात जाड आणि खालच्या सुराची, फेकू नका. दोन्ही टोकांना जिथे रेशीम गुंडाळलेलं असतं तो भाग सोडा, मधला बरोबर एक मीटर मापा, दोन्ही खुणांवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि मगच कापा. पट्टी विसरलात तर वरची गुंडाळलेली धातूची पट्टी सुटून स्प्रिंगसारखी उसळते आणि हाताला लागते, कापलेलं टोकही सुईसारखं असतं म्हणून जपून. मग तो तुकडा डिजिटल काट्यावर ठेवा. माझ्याकडच्या एका स्टीलच्या ई तारेचा असा मीटरभर तुकडा 39 ग्रॅम भरला, आणि जी तारेचा, म्हणजे सगळ्यात बारीक आणि वरच्या सुराच्या तारेचा, साडेसहा ग्रॅम. म्हणजे ई तार जी तारेच्या सहा पट जड, आणि ते तसंच असायला हवं, कारण ई चा सूर 41.2 हर्ट्झ आणि जी चा 98, लांबी दोघींची तीच, मग ताण साधारण सारखा ठेवायचा तर खालची तार जड करण्यावाचून गत्यंतरच नाही.

आता हिशोब. लांबी मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, हर्ट्झने गुणा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, मीटरमागच्या वजनाने गुणा (वजन किलोत घ्यायचं, 39 ग्रॅम म्हणजे 0.039), आणि शेवटी 9.81 ने भागा, की किलोतला ताण मिळतो. माझी ई तार 105 सेंटिमीटर वाजत्या लांबीच्या बासवर 29.8 किलो येते. तीच तार, अगदी तोच तुकडा धरा, 102 सेंटिमीटरच्या बासवर लावली तर 28.1 किलो, आणि 110 सेंटिमीटरच्या मोठ्या बासवर 32.7 किलो! साडेचार किलोचा फरक, आणि तार एकच. बऱ्याच कंपन्यांच्या लाइट आणि मीडियम मधला फरक सुद्धा एवढा नसतो. तुमच्या तक्त्यात एका तारेपुढे 28 लिहिलंय आणि दुसरीपुढे 31, पण पहिला आकडा कुठल्या लांबीला मोजलाय आणि दुसरा कुठल्या, हे कुठेच नाही. उद्या कळलं की त्या दोन्ही तारा जवळजवळ सारख्याच आहेत तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि लांबीचा हा प्रश्न डबल बासलाच जास्त छळतो. व्हायोलिन सगळ्या जगात जवळपास एकाच मापाचं, पण बासचं तसं नाही. ज्याला तीन-चतुर्थांश म्हणतात तेच मोठ्या माणसांचं नेहमीचं माप, त्यात वाजती लांबी बहुतेक वेळा 104 ते 106 च्या आसपास, पण त्याहून आखूड आणि लांब बासही सर्रास सापडतात, शिवाय जुन्या बासची मान कधी बदललेली असते, घोडी कुणी पुढेमागे सरकवलेली असते. त्यामुळे तार घेण्याआधी टेप घेऊन आपल्या बासचं माप काढणं हे पहिलं काम, आणि हे काम न करता लोक तासन् तास वाइश घेऊ की मिटेल घेऊ यावर वाद घालतात, त्याची मला गंमत वाटते. स्पिरोकोर सारख्या सेटमध्ये वाइश, मिटेल आणि स्टार्क म्हणजे मऊ, मध्यम आणि जोरकस अशा पायऱ्या असतात, पण त्या पायऱ्या त्या एका कंपनीच्या, त्या एका मालिकेपुरत्या. एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियमशी जुळलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

सुराचं सांगायचं तर डबल बासला एक खास भानगड आहे, सोलो ट्यूनिंग. ऑर्केस्ट्रात ई, ए, डी, जी, आणि सोलो वाजवताना बरेच जण पूर्ण एक स्वर वर नेऊन एफ शार्प, बी, ई, ए लावतात. एक पूर्ण स्वर वर म्हणजे ताण 26 टक्क्यांनी वाढला. माझी ती 29.8 ची ई तार तिथे 37.5 किलोवर जाईल. म्हणून सोलोच्या तारा मुळातच हलक्या बनवतात, म्हणजे वर लावल्यावरही ताण आवाक्यात राहतो. आता याच सोलो तारा काही जॅझवाले मुद्दाम खाली, ऑर्केस्ट्राच्या सुरात लावतात, मग ताण पाचव्या हिश्शाहून जास्त उतरतो आणि तार बोटाखाली एकदम ढिली, लुसलुशीत होते. तेव्हा पाकिटावर जो किलो छापलाय तो कुठल्या सुराचा? सोलो सेटवर तो सोलोच्या सुराचाच असणार ना! तुमच्या तक्त्यात सोलो आणि ऑर्केस्ट्रा सेट एकाखाली एक दिलेत, सूर कुठेच नाही, मग वाचणाऱ्याला वाटणार दोन्ही सारखेच. त्या मानाने ज्यावरून सगळी वाद्यं लावतात तो ए 440 हर्ट्झऐवजी 442 किंवा 443 ला लावला तर ताणात एखादा टक्का इकडे-तिकडे, त्याची काळजी करत बसू नये.

सी एक्स्टेन्शन, म्हणजे ई तार खाली सी पर्यंत नेण्यासाठी मानेच्या वर लावलेला जोड, त्याबद्दल लेखात लिहिलंय की त्याने ई तारेचा ताण वाढतो. नाही वाढत हो. एक्स्टेन्शन लावल्यावर तार मानेच्या वरपर्यंत लांब होते, 105 ची साधारण 132 होते, पण सूरही तेवढाच खाली सी वर जातो, 32.7 हर्ट्झ, आणि लांबी गुणिले सूर हा गुणाकार तोच राहतो. वजन तेवढंच असेल तर ताणही तोच. पाच तारांच्या बासची गोष्ट वेगळी, तिथे खालची बी तेवढ्याच लांबीत बसवायची असते, तिला ई इतकाच ताण हवा तर मीटरमागे सत्तर ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, इतकी जाड तार बोटालाही जड आणि गजालाही बोलायला उशीर लावते, म्हणून तिथे कुठेतरी तडजोड आलीच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरंतर लिहायला बसलो. वाजवणाऱ्याला जे कडक किंवा मऊ लागतं ते फक्त ताणाने नाहीच लागत. समजा ई तारेवर नटजवळचा पहिला एफ दाबताय. नटपासून तो साधारण सहा सेंटिमीटरवर येतो. तिथे तार फिंगरबोर्डपासून, म्हणजे जिच्यावर ती दाबतात त्या लाकडी पट्टीपासून, किती वर आहे यावर सगळा खेळ आहे. नटची खाच नीट खोल असेल तर तिथे तार जेमतेम एक मिलिमीटर वर असते, आणि 30 किलोच्या तारेला तिथे दाबायला साधारण अर्धा किलोचा जोर लागतो, तारेचा स्वतःचा ताठपणा सोडून. नट उंच ठेवलेला असेल, बऱ्याच नव्या बासवर असतोच, आणि तार दोन मिलिमीटर वर असेल तर तोच जोर दुप्पट, एक किलोच्या वर जातो. आता या उंच नटवाल्या बासवर तुम्ही पैसे खर्च करून 27 किलोची हलकी तार टाकलीत तर जोर किती उतरणार? दहा टक्के. म्हणजे वाईट नटवर मऊ तार ही चांगल्या नटवरच्या कडक तारेपेक्षा बोटाला जवळजवळ दुप्पट कडक! ज्याच्या डाव्या हाताची वाट लागलीय त्याने तार बदलण्याआधी चांगल्या कारागिराकडून नटच्या खाचा बघून घ्याव्यात, दहा मिनिटांचं काम असतं. वर, सप्तकाच्या जागेवर, म्हणजे तारेच्या मध्यावर, नट नाही तर घोडीची उंची बोलते, तिथे तार पाच-सहा मिलिमीटर वर असते, ती चार-साडेचारवर आणली की पुन्हा ताणाला हात न लावता जोर पाव हिश्शाने कमी. घोडीच्या पायात ॲडजस्टरची चाकं असतील तर हे घरीही करता येतं, फक्त दोन्ही चाकं थोडी थोडी फिरवा आणि घोडी पुढे झुकत नाहीये ना तेवढं बघत राहा.

दुसरी गोष्ट तारेच्या गाभ्याची. आतड्याची म्हणजे गटची तार मऊ, म्हणून तिचा ताण कमी, हे सगळीकडे ऐकू येतं, तुमच्या लेखातही आहे. करा बरं हिशोब. अडीच मिलिमीटर जाडीची साधी, न गुंडाळलेली गटची जी तार घ्या. आतड्याची घनता पाण्याच्या साधारण 1.3 पट, म्हणजे ती तार मीटरमागे सुमारे 6.4 ग्रॅम भरते. माझी स्टीलची जी तार साडेसहा ग्रॅम. म्हणजे 105 सेंटिमीटरवर एकीचा ताण साडेसत्तावीस किलो आणि दुसरीचा अठ्ठावीस! बोटाला मात्र दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. कारण गट रबरासारखी नाही म्हणणार मी, पण स्टीलपेक्षा कितीतरी सहज ताणली जाते, सुरात आणताना खुंटी फिरवताना ते लगेच कळतं, फिरवा फिरवा आणि सूर सावकाश चढतो. बोटाने बाजूला खेचली की ती सैल देते. स्टील देत नाही, जोरात खेचलं की क्षणभर तिचा ताण आणि सूर दोन्ही वर उडतात आणि बोटाला ती भिंत लागल्यासारखी होते. स्टीलमध्ये सुद्धा पुन्हा प्रकार: बारीक तारांचा पीळ असलेला दोरगाभा वेगळा आणि एकसंध गाभा वेगळा, आणि हल्लीच्या नायलॉनसारख्या सिंथेटिक गाभ्याच्या तारा या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी. किलोच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही.

मग ताण जास्त तर आवाज जास्त, हे तरी खरं का? अर्धं खरं. एकाच जातीच्या दोन तारा, तोच सूर, तेवढंच कंपन, तर जड तार घोडीला जास्त जोराने हलवते, हे बरोबर. पण घोडी ज्या पातळ लाकडावर उभी आहे त्याला सहन किती होणार? चार तारांचा मिळून ताण 120 किलो धरा. तारा घोडीवरून खाली वळतात त्या कोनामुळे त्यातला काही भाग सरळ खाली दाब म्हणून येतो, तार घोडीवर तीस अंशांनी वळत असेल तर हा दाब साठ किलोच्या थोडा वर. एवढं ओझं सतत लाकडावर. काही बास ते मजेत पेलतात, काहींचा त्याखाली गळा आवळला जातो, खालचे सूर मुके होतात आणि वादक म्हणतो तारा अजून कडक घेऊ. अशा वेळी उलट करून बघावं. हलक्या तारा लावाव्यात, किंवा तारांची खालची टोकं अडकवलेल्या टेलपीसची दोरी बासच्या तळाच्या कडेवर जिथून जाते ते सॅडल उंच करून घ्यावं. वळण्याचा कोन तीसवरून सव्वीसवर आला तरी तेच 120 किलो ताण ठेवून घोडीवरचा दाब सात-आठ किलोंनी उतरतो. बोटाखाली तार फारशी बदलत नाही आणि बास मोकळा होतो, मी हे एकाहून जास्त बासवर होताना ऐकलंय. सगळ्यांवर होतं असं मात्र नाही. जाता जाता, बॉटेसिनी आणि त्याच्या आधी ड्रॅगोनेटी, बासचे हे दोन्ही मोठे लोक तीन तारांचे बास वाजवायचे, म्हणजे घोडीवर एका तारेचं ओझं मुळातच नाही. जुन्या बासचा गोडवा आठवून हळहळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

गज आणि बोट यांच्या मागण्या उलट्या असतात हेही लेखात यायला हवं होतं. गजाने वाजवणाऱ्याला तार थोडी तरी ताठ लागते, नाहीतर जोर लावला की तार दबते, सूर घुसमटतो आणि घरघर येते. बोटाने जॅझ वाजवणाऱ्याला लांब टिकणारा, गुरगुरणारा सूर हवा, त्याला दोरगाभ्याचं स्टील आवडतं, पण त्याच तारा नव्या असताना गजाखाली किरकिरतात. रॉकाबिलीत, म्हणजे जुन्या रॉक अँड रोलच्या एका प्रकारात, तार फिंगरबोर्डवर आपटायची असते, तिथे हलकी, सैल तारच बरी, नाहीतर हाताची सालं निघतात. एकच तार या तिघांना पुरवायची म्हटलं तर कुणीतरी नाराज होणारच, आणि माझं स्पष्ट मत, दोन्ही नीट करणारी म्हणून जी तार विकली जाते ती बहुतेक वेळा दोन्ही निम्मंनिम्मं करते.

अजून एक, सेटमधल्या चार तारांचा आपसातला तोल. बऱ्याच सेटमध्ये चारही तारांचा ताण सारखा नसतो, एखादी तीन-चार किलोंनी वर-खाली असते, आणि ते मुद्दाम असतं, कारण खालची जाड तार आणि वरची बारीक तार एकसारख्या किलोला हाताला एकसारख्या लागत नाहीत. पण लोक एका सेटची ई आणि ए, दुसऱ्या सेटची डी आणि जी असं मिसळतात (मीही मिसळतो, त्यात गैर काही नाही), तेव्हा मात्र चारी तारांचे आकडे एकाच लांबीला आणून शेजारी शेजारी लिहावेत. तेवढा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो आणि मग तारेवरून तारेवर जाताना हाताला जो खड्डा लागतो तो आधीच दिसतो. तक्त्याचा खरा उपयोग असेल तर तो इथे, एका घरातल्या चार तारा जुळवायला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांतली कोण कडक ते ठरवायला नाही.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा किलोच्या शेजारी लांबी आणि सूर हे दोन रकाने टाकाच, जमलं तर गाभा कसला तेही, आणि कुणी कंपनीवाला वाचत असेल तर त्याने पाकिटावर मीटरमागे ग्रॅम छापावेत, बाकी आम्ही बघून घेऊ. हे सगळं सवडीने करा. पण एक गोष्ट तातडीची आहे. तुमच्या तक्त्यात तळाला दोन तारांपुढे 62 आणि 64 किलो छापलंय. डबल बासवर एवढ्या ताणाची तार नसते, ते आकडे पाउंडातले आहेत, म्हणजे साधारण 28 आणि 29 किलो. कुणी ते खरं धरून आपल्या बासला घाबरायच्या आत ही दुरुस्ती उद्याच्या अंकात टाका.

आपला,
एक डबल बास वाजवणारा वाचक